डेटाबेस सर्व्हरची मेमरी आणि वेग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातील पतसंस्था, उद्यमबागेतील फाउंड्री, साखर कारखान्यांचे वजनकाटे आणि दोन-तीन राज्यांत माल पाठवणारे व्यापारी यांच्याकडे बहुधा एकच सर्व्हर असतो. त्यावर पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल हा डेटाबेस चालतो आणि तो सांभाळणाऱ्या माणसाकडे प्रिंटरपासून कॅमेऱ्यापर्यंत इतर दहा कामे असतात. पुढील उत्तरे त्याच्यासाठी आहेत. सेटिंगची नावे येथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि दोन शब्दांमध्ये अधोरेषा देऊन लिहावी लागतात.

सर्व्हर मंद झाला आहे. रॅम वाढवून घ्यावी का?

लगेच नको. पुरवठादाराकडे तक्रार केली की रॅमची आणखी एक पट्टी बसवली जाते, आठवडाभर बरे वाटते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, कारण मेमरी कुठे खर्च होते हे कोणीच पाहिलेले नसते.

लिनक्सवर ‘फ्री’ ही आज्ञा दिल्यावर ‘फ्री’ या रकान्यात अगदी थोडा आकडा दिसतो आणि माणूस घाबरतो. पाहायचा रकाना तो नव्हे, ‘अव्हेलेबल’ हा आहे. ऑपरेटिंग सिस्टीम रिकामी मेमरी फाइलींच्या कॅशसाठी वापरते आणि गरज पडताच ती मोकळी करून देते, त्यामुळे ‘फ्री’ कमी असणे हे सुदृढ सर्व्हरचेच लक्षण आहे. त्यानंतर ‘व्हीएमस्टॅट’ दर सेकंदाला चालवून ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे रकाने पाहावेत. तेथे सतत शून्याहून मोठे आकडे येत असतील, तर स्वॅप (रॅममधला मजकूर डिस्कवर हलवणे) चालू आहे आणि मेमरी खरोखर कमी पडते आहे. ते शून्यच असतील पण ‘डब्ल्यूए’ मोठा असेल, तर सर्व्हर डिस्कची वाट पाहत आहे, आणि अशा वेळी दोष बहुतेकदा पुरेशा इंडेक्सअभावी (नोंदी चटकन शोधून देणारी सूची नसल्याने) संपूर्ण टेबल वाचणाऱ्या एखाद्या क्वेरीचा, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचा, असतो.

ती क्वेरी शोधण्यासाठी पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी स्टॅट स्टेटमेंट्स’ हे एक्स्टेन्शन बसवावे. त्याचे नाव प्रीलोड लायब्ररींच्या यादीत घालून सर्व्हर एकदा पुन्हा सुरू करावा लागतो. मायएसक्यूएलमध्ये स्लो क्वेरी लॉग मुळात बंद असतो आणि तो चालू केला तरी १० सेकंदांहून अधिक वेळ घेणाऱ्या क्वेरीच नोंदवतो. काउंटरपुढे खातेदार उभा असताना १० सेकंद फार झाले. ही मर्यादा १ सेकंदावर आणावी.

डेटाबेस मेमरी नेमकी कशासाठी वापरतो?

ढोबळमानाने दोन प्रकारे, आणि या दोहोंतला फरक ध्यानात आला की पुढची अर्धी उत्तरे आपोआप कळतात. पहिला भाग सामायिक असतो: डिस्कवरची पाने (डेटाचे ठरावीक आकाराचे तुकडे) येथे आणून ठेवली जातात आणि सगळी सेशन, म्हणजे डेटाबेसशी जोडलेले सगळे वापरकर्ते, ती वाचतात. पोस्टग्रेसचे पान ८ केबीचे, तर इनोडीबीचे (मायएसक्यूएलचे मुख्य साठवण इंजिन) मुळात १६ केबीचे असते. हा भाग सर्व्हर सुरू होतानाच ठरतो आणि त्याचा आकार आपल्याला ठाऊक असतो. दुसरा भाग प्रत्येक सेशनचा स्वतंत्र असतो: क्रमवारी लावणे, दोन टेबले जोडणे, तात्पुरते टेबल बनवणे यांसाठी तो लागेल तेव्हा घेतला जातो. सेशन वाढली की हा भाग त्याच पटीत वाढतो. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये त्याच्यापुढे लिहिलेला आकडा लहान दिसतो, म्हणून कोणी तिकडे लक्ष देत नाही, आणि ऐन गर्दीत सर्व्हर कोसळतो तो बहुतांश वेळा याच भागामुळे.

पोस्टग्रेसमध्ये ‘शेअर्ड बफर्स’ किती ठेवावे?

हे वर सांगितलेल्या सामायिक भागाचे सेटिंग. मूळ मूल्य १२८ एमबी आहे, जे आजच्या कोणत्याही कार्यालयीन सर्व्हरला अपुरे आहे. केवळ डेटाबेससाठी असलेल्या यंत्रावर एकूण रॅमच्या २५ टक्क्यांपासून सुरुवात करावी. ४० टक्क्यांच्या पुढे नेऊन सहसा फायदा होत नाही, कारण पोस्टग्रेस ऑपरेटिंग सिस्टीमच्या कॅशवरही भिस्त ठेवते आणि तीच पाने दोन्हीकडे साठून राहतात. बदल लागू होण्यासाठी सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो, तेव्हा हे काम दिवसअखेर झाल्यावर करावे.

कॅश हिटचे (मागितलेले पान कॅशमध्येच सापडण्याचे) प्रमाण ९९ टक्के आले म्हणून निर्धास्त होऊ नये आणि ९० आले म्हणून घाबरूही नये. पोस्टग्रेस ज्याला ‘रीड’ म्हणून मोजते, ते पान प्रत्यक्षात ऑपरेटिंग सिस्टीमच्या कॅशमधून, म्हणजे रॅममधूनच आलेले असू शकते. उलट एखादी वाईट क्वेरी तीच पाने लाखो वेळा वाचून हिटचे प्रमाण सुंदर करून दाखवते.

मायएसक्यूएलच्या बफर पूलला तोच नियम लागू होतो का?

नाही. इनोडीबी स्वतःची कॅश, म्हणजेच बफर पूल, स्वतः सांभाळते, त्यामुळे केवळ डेटाबेससाठी असलेल्या यंत्रावर बफर पूल रॅमच्या ८० टक्क्यांपर्यंत नेता येतो. मात्र लिहिलेल्या आकड्यापेक्षा प्रत्यक्षात सुमारे १० टक्के अधिक मेमरी नियंत्रण रचनांसाठी घेतली जाते, हे हिशोबात धरावे. १६ जीबीच्या यंत्रावर मी १० ते ११ जीबीच्या पुढे जात नाही, आणि त्याच यंत्रावर वेब सर्व्हर व अहवाल छापणारा प्रोग्रामही असेल, तर त्यांची गरज आधी वजा करतो. आवृत्ती ५.७ पासून हा आकार सर्व्हर चालू असतानाच बदलता येतो. क्वेरी कॅशविषयी जुन्या पुस्तकांत बरेच काही सापडेल, पण आवृत्ती ८.० मध्ये ती सोय काढून टाकली आहे. ते सेटिंग फाइलमध्ये राहिले तर सर्व्हर सुरूच होत नाही.

‘वर्क मेम’ वाढवल्यावर अहवाल वेगाने आला, पण ३१ मार्चला सर्व्हर कोसळला. असे का झाले?

कारण ‘वर्क मेम’ ही सर्व्हरसाठी नव्हे, सेशनसाठीही नव्हे, तर क्वेरीतील प्रत्येक क्रमवारी किंवा हॅश (नोंदी जुळवण्यासाठी मेमरीत तात्पुरता तक्ता बनवणे) क्रियेसाठीची मर्यादा आहे. एकाच क्वेरीत अशा चार क्रिया असल्या, तर मर्यादा चार वेळा वापरली जाऊ शकते. त्यातही हॅश क्रियेला आवृत्ती १५ पासून मुळातच दुप्पट मुभा आहे, आणि क्वेरी समांतर चालली तर प्रत्येक वर्कर आपापला हिस्सा वेगळा घेतो.

एक हिशोब मांडून पाहू. यंत्र १६ जीबीचे आहे, ‘शेअर्ड बफर्स’ ४ जीबी आहेत आणि कोणीतरी ‘वर्क मेम’ ४ एमबीवरून ६४ एमबी केली आहे. ठेवींच्या व्याज आकारणीच्या यादीत दोन क्रमवारी आणि एक हॅश जोडणी आहे. दोन क्रमवारींचे १२८ एमबी आणि हॅशचे १२८ एमबी मिळून एका यादीला २५६ एमबीपर्यंत लागतील. एरवी ही यादी दिवसातून दोन-चार वेळा निघते, म्हणून काही जाणवत नाही. वर्षअखेरीला मुख्य कचेरी आणि शाखा मिळून ४० जणांनी ती एकाच वेळी काढली, तर १०,२४० एमबी, म्हणजे १० जीबी लागतात. सामायिक ४ जीबी धरून १४ जीबी झाले. उरलेल्या २ जीबीत ऑपरेटिंग सिस्टीम, तिची कॅश आणि प्रत्येक कनेक्शनची प्रक्रिया बसवायची आहे. ते बसत नाही.

यावर उपाय असा की सर्वांसाठीचे मूल्य लहान, ८ ते १६ एमबीच्या आसपास ठेवावे आणि जड अहवालापुरते त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र पूर्ण होणाऱ्या क्वेरींच्या गटात) ‘सेट लोकल’ वापरून वाढवावे. ट्रान्झॅक्शन संपताच मूल्य पूर्ववत होते. अहवालांसाठी वेगळा डेटाबेस युजर असेल, तर ‘ऑल्टर रोल’ने फक्त त्याच्यासाठी मोठे मूल्य देता येते आणि प्रोग्रामला हात लावावा लागत नाही.

किती वाढवायचे, हे अंदाजाने ठरवू नये. क्वेरीपुढे ‘एक्स्प्लेन अॅनलाइझ’ लावून चालवली की क्रमवारीच्या ओळीत ‘क्विकसॉर्ट, मेमरी’ किंवा ‘एक्स्टर्नल मर्ज, डिस्क’ यांपैकी एक दिसते आणि पुढे केबीमध्ये आकडा असतो. ‘डिस्क’ आले म्हणजे काम मेमरीत मावले नाही. येथे एक बारकावा आहे: डिस्कवरची मांडणी अधिक आटोपशीर असल्यामुळे, डिस्कपुढे ४० एमबी दिसत असतील तर मेमरीत तेच काम करायला ४० एमबीपेक्षा बरेच जास्त लागतात. ‘लॉग टेंप फाइल्स’ हे सेटिंग शून्यावर आणल्यास डिस्कवर सांडलेली प्रत्येक तात्पुरती फाइल लॉगमध्ये नोंदली जाते. वर्षअखेरीच्या आधी महिनाभर हा लॉग चालू ठेवला, तर कोणत्या अहवालाला खरोखर जास्त मेमरी हवी आहे ते कळते. बहुतेक ठिकाणी असे अहवाल हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतात.

‘इफेक्टिव्ह कॅश साइझ’ १२ जीबी केले, तरी मेमरीचा वापर वाढला नाही. काही चुकले का?

काहीच चुकले नाही. हे सेटिंग मेमरी घेत नाही. प्लॅनरला (क्वेरी कशी चालवायची हे ठरवणाऱ्या भागाला) एकूण किती कॅश उपलब्ध असू शकते एवढेच ते सांगते. मूल्य मोठे असले की प्लॅनर इंडेक्स वापरण्याकडे अधिक झुकतो.

शाखा वाढल्या, म्हणून ‘मॅक्स कनेक्शन्स’ ५०० करावे का?

करू नये. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रक्रिया चालते आणि काही न करता बसलेले कनेक्शनही मेमरी अडवून ठेवते. मूळ मूल्य पोस्टग्रेसमध्ये १०० आणि मायएसक्यूएलमध्ये १५१ आहे. आपल्याकडील बहुतेक संस्थांना तेवढेही लागत नाही. प्रोग्राम सकाळी उघडताना कनेक्शन घेतो आणि संध्याकाळी बंद करतानाच सोडतो, त्यामुळे निपाणी शाखेतील पाच संगणक दिवसभर पाच कनेक्शन धरून बसतात, मग त्यावर काम चालू असो वा नसो. पोस्टग्रेसपुढे ‘पीजी बाउन्सर’ (कनेक्शन वाटून देणारा मध्यस्थ प्रोग्राम) बसवून त्याला ट्रान्झॅक्शन पद्धतीत चालवले, तर खरे कनेक्शन फक्त ट्रान्झॅक्शनपुरते दिले जाते आणि शंभर संगणक वीस कनेक्शनांवर आरामात भागवतात. या पद्धतीत साधे ‘सेट’ दुसऱ्याच कोणाच्या सेशनमध्ये उरून राहू शकते. वर ‘सेट लोकल’चा आग्रह धरला आहे तो यामुळेही. मायएसक्यूएलमध्ये ‘सॉर्ट बफर’ आणि ‘जॉइन बफर’ हेही प्रत्येक सेशनचे असतात, दोन्हींचे मूळ मूल्य २५६ केबी आहे आणि ते सर्वांसाठी सरसकट वाढवण्याचा मोह टाळावा.

रॅम पुरेशी आहे, तरी जीएसटीचा अहवाल मिनिटभर का घेतो?

हा प्रश्न सीमाभागातील व्यापाऱ्यांकडून विशेष येतो, आणि त्याचे कारणही त्यांच्या व्यवहाराच्या स्वरूपात आहे. बेळगावहून हुबळीला माल गेला की केंद्र आणि राज्य असे दोन्ही जीएसटी लागतात. कोल्हापूरला किंवा पणजीला गेला की एकात्मिक जीएसटी लागतो. त्यामुळे प्रत्येक अहवाल बिले राज्यानुसार वेगळी करतो, आणि ते करण्याचा सोपा मार्ग म्हणून प्रोग्रामर ग्राहकाच्या जीएसटी क्रमांकाची पहिली दोन अक्षरे क्वेरीतच कापून घेतो: २९ म्हणजे कर्नाटक, २७ महाराष्ट्र, ३० गोवा.

येथे दोन घोटाळे होतात. पहिला सर्वांना माहीत असतो: रकान्यावर फंक्शन लावले की त्या रकान्यावरचा साधा इंडेक्स उपयोगी पडत नाही. दुसरा मेमरीशी संबंधित आहे आणि तो सहसा सुटतो. फंक्शनने काढलेल्या मूल्याची आकडेवारी पोस्टग्रेसजवळ नसते, म्हणून ते अशी अट पुऱ्या करणाऱ्या नोंदी अर्धा टक्काच असतील असे गृहीत धरते. प्रत्यक्षात २९ च्या नोंदी निम्म्याहून अधिक असू शकतात. १२ लाख बिलांपैकी ६ हजार येतील असे समजून आखलेल्या योजनेत ७ लाख नोंदी येऊन आदळल्या, की हॅश मेमरीत मावत नाही, ‘एक्स्प्लेन’मध्ये बॅचची (हॅशच्या तुकड्यांची) संख्या वाढलेली दिसते आणि सगळा पसारा डिस्कवर जातो. अशा वेळी ‘वर्क मेम’ वाढवणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. राज्याचा संकेतांक बिलाच्या टेबलात वेगळ्या रकान्यात ठेवावा, संकेतांक आणि बिलाची तारीख यांचा मिळून इंडेक्स करावा आणि ‘अॅनलाइझ’ (रकान्यांतील मूल्यांची आकडेवारी गोळा करणारी आज्ञा) चालवावे. त्यानंतर प्लॅनरला २९ खूप आणि ३० थोडे हे ठाऊक असते, म्हणून गोव्याच्या बिलांसाठी तो इंडेक्स वापरतो आणि कर्नाटकाच्या संपूर्ण वर्षाच्या बिलांसाठी टेबल सरळ वाचतो. दोन्ही निर्णय बरोबर आहेत.

जुन्या सॉफ्टवेअरमधून सगळा डेटा एकदम आयात केल्यावर लगेच ‘अॅनलाइझ’ चालवायला विसरू नये.

नावे मराठीत आणि कन्नडमध्ये साठवल्यामुळे डेटाबेस मंद होतो का?

जागा जास्त लागते, हे खरे आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांतील प्रत्येक चिन्हाला, मात्रा आणि वेलांटी धरून, ३ बाइट लागतात. ‘बेळगाव’ लिहायला १८ बाइट लागतात. रोमन लिपीत तेच नाव सात-आठ बाइटांत बसते. ठेवीदारांच्या नावांपुरता हा फरक आजच्या यंत्रांना जड नाही आणि एवढ्यासाठी खातेदाराचे नाव रोमनमध्ये लिहिण्याचे कारण नाही.

अडचण येते ती इतर ठिकाणी. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्यांत मेमरीतील तात्पुरती टेबले प्रत्येक नोंदीला रकान्याची पूर्ण रुंदी देतात, म्हणून २५५ अक्षरांचा रकाना चार बाइटच्या अक्षरसंचात १,०२० बाइट अडवतो, नाव ‘राम’ असले तरी. आवृत्ती ८.० मधील नव्या इंजिनात ही उधळपट्टी थांबली आहे. तोवर रकाने गरजेपुरते रुंद ठेवावेत. तसेच एका टेबलात जुना तीन बाइटचा संच आणि दुसऱ्यात चार बाइटचा असेल, तर जोडणी करताना मायएसक्यूएलला जुन्या रकान्याचे रूपांतर करावे लागते आणि त्यावरचा इंडेक्स बाजूला पडतो. पोस्टग्रेसमध्ये नावाच्या सुरुवातीवरून शोध घ्यायचा असेल आणि डेटाबेसचे कोलेशन (अक्षरांच्या क्रमवारीचा नियम) ‘सी’ नसेल, तर साधा इंडेक्स चालत नाही. ‘टेक्स्ट पॅटर्न ऑप्स’ देऊन वेगळा इंडेक्स करावा.

गळीत हंगामात वजनकाट्याचे टेबल फुगत जाते. ‘मेंटेनन्स वर्क मेम’ वाढवल्याने थांबेल का?

त्याने वॅक्यूम (निरुपयोगी जुन्या नोंदींची साफसफाई) आणि इंडेक्स बांधणी लवकर उरकते. मूळ मूल्य ६४ एमबी आहे आणि १६ जीबीच्या यंत्रावर ते ५१२ एमबी करायला हरकत नाही. फुगण्याचे कारण मात्र वेगळे आहे. उसाची गाडी आत येताना भरलेले वजन नोंदवून पावती तयार होते आणि गाडी रिकामी होऊन परतताना त्याच पावतीत रिकामे वजन व निव्वळ वजन भरले जाते. पोस्टग्रेस नोंद जागच्या जागी बदलत नाही. नवी प्रत लिहिते आणि जुनी मृत म्हणून मागे ठेवते. म्हणजे प्रत्येक पावतीमागे निदान एक मृत नोंद तयार होतेच.

ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे आपोआप चालणारे वॅक्यूम, मुळात ५० अधिक टेबलाच्या २० टक्के नोंदी मृत होईपर्यंत थांबते. १० लाख पावत्यांच्या टेबलात हा आकडा २,००,०५० होतो. फक्त या टेबलापुरते प्रमाण २ टक्क्यांवर आणावे. याहून चांगला उपाय असा की टेबलाचा ‘फिलफॅक्टर’ (पान किती टक्के भरायचे ते) १०० वरून ८५ च्या आसपास आणावा आणि रिकाम्या वजनाच्या किंवा ‘पूर्ण/अपूर्ण’ अशा स्थितीच्या रकान्यावर इंडेक्स ठेवू नये. पानात जागा शिल्लक असेल आणि बदललेल्या रकान्यावर इंडेक्स नसेल, तर नवी प्रत त्याच पानात बसते, इंडेक्सला हात लागत नाही आणि नंतर ते पान वाचतानाच जुनी प्रत साफ होते.

करंट जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर पहिला अर्धा तास सगळे मंद चालते. उपाय आहे का?

पावसाळ्यात खानापूरकडून हा प्रश्न हमखास येतो. सर्व्हर सुरू होतो तेव्हा कॅश रिकामी असते आणि प्रत्येक पान डिस्कवरून आणावे लागते. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी प्रीवॉर्म’चा स्वयंचलित भाग चालू केल्यास तो दर ५ मिनिटांनी कॅशमधील पानांची यादी लिहून ठेवतो आणि सुरू होताना ती पाने परत आणतो. मायएसक्यूएलमध्ये अशी सोय ५.७ पासून मुळातच चालू आहे, पण तिची यादी सर्व्हर रीतसर बंद होताना लिहिली जाते. वीज अचानक गेली तर जुनीच यादी वापरली जाते. यूपीएसची बॅटरी उतरू लागताच सर्व्हर रीतसर बंद करणारी स्क्रिप्ट लावणे हा खरा उपाय आहे.

वेगासाठी ‘एफसिंक’ (लिहिलेले खरोखर डिस्कवर पोहोचल्याची खात्री) बंद करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. ते बंद असताना वीज गेली तर संपूर्ण डेटाबेस नासू शकतो. ‘सिंक्रोनस कमिट’ (व्यवहाराची नोंद डिस्कवर जाईपर्यंत थांबणे) बंद केल्यास डेटाबेस शाबूत राहतो, पण शेवटच्या क्षणांतील काही व्यवहार नाहीसे होतात. पिग्मी गोळा करणाऱ्या संस्थेने हेही करू नये.

लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ येऊन सगळ्यांची कनेक्शन एकदम तुटतात. एका क्वेरीची शिक्षा सगळ्यांना का?

लिनक्सने मेमरी कमी पडताच पोस्टग्रेसची एखादी प्रक्रिया सक्तीने मारलेली असते. सामायिक मेमरी अर्धवट स्थितीत राहिली असण्याची शक्यता असल्यामुळे पोस्टग्रेस सर्व सेशन तोडून स्वतःला सावरते. कर्नलचे ‘ओव्हरकमिट मेमरी’ (असलेल्यापेक्षा जास्त मेमरी कबूल करायची की नाही हे ठरवणारे सेटिंग) २ वर आणल्यास प्रक्रिया मारली जाण्याऐवजी त्या एका क्वेरीला नकार मिळण्याची शक्यता वाढते. मात्र सोबतचे ‘ओव्हरकमिट रेशो’ मुळात ५० असते, म्हणजे १६ जीबीच्या यंत्रावर ८ जीबी आणि स्वॅप एवढीच मर्यादा लागू होते. ते ८०-८५ पर्यंत वाढवले नाही, तर रॅम शिल्लक असतानाच नकार येऊ लागतात.

आमच्याकडे एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस आहे. ३२ जीबी रॅम घातली तरी फरक का पडला नाही?

आवृत्ती २०२२ पर्यंतची एक्स्प्रेस बफर पूलसाठी १,४१० एमबीपेक्षा जास्त मेमरी वापरतच नाही आणि एका डेटाबेसचा आकार १० जीबीवर अडतो. त्या यंत्रावर आणखी रॅम घालण्यात अर्थ नाही. जुनी आर्थिक वर्षे वेगळ्या डेटाबेसमध्ये हलवावीत, किंवा पैसे न मोजता ही मर्यादा नको असेल तर पोस्टग्रेसकडे जावे.